अर्धवट ऑपरेशनची समाप्ती

आमच्या सासूबाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि तो काढायचा की नाही, हे टीव्हीवरची एक डॉक्टरीण ठरवणार होती. परभणीचे डोळ्यांचे डॉक्टर तपासून मोकळे झाले होते. नवऱ्याने रजा टाकायची तयारी दाखवली होती. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे जेवताना कांद्याची चकती हातात घेऊन डोळ्याचं भिंग म्हणजे काय, ते गढूळ कसं होतं, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चकती खाल्ली आणि म्हणाल्या, "आदी त्या डॉक्टरीणबाईचं आपरेशन पार पडू दे. मंग मपलं बघू."

ही डॉक्टरीण रोज संध्याकाळी दिवाबत्तीनंतर आमच्या घरी यायची. दवाखान्याची मालिका होती ती. सेलूच्या आमच्या गल्लीत त्या वेळेला कुणी कुणाच्या दारात उभं राहत नसे. त्या दवाखान्यात कुणाला खोकला म्हणून नव्हता. पेशंटच्या चादरीला सुरकुती नव्हती. डॉक्टरीणबाई चोवीस तास ड्यूटी करून निघाल्या तरी काजळ जागच्या जागी. मला मालिका अजिबात आवडत नाहीत, आणि हे मी घरच्यांना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रोज सांगत असे. तिथून टीव्ही नीट दिसतो.

सासूबाई मूळच्या ताडकळसच्या. सासरे गेल्यावर लेकाकडे सेलूला राहायला आल्या. त्यांना मी आत्या म्हणते आणि त्या मला, लाडात असल्या तरी आणि चिडल्या तरी, मास्तरीणबाई म्हणतात. नजर अधू झाल्यापासून त्या टीव्हीच्या इतक्या जवळ बसायच्या की मागच्या सगळ्यांना निम्मी मालिका त्यांच्या पदरातून बघावी लागायची. पण ज्ञान असं वाढलं होतं की विचारू नका. समोरच्या वहिनींच्या यजमानांना एकदा मिरचीची भजी बाधली आणि छातीत जळजळायला लागलं, तर आत्या ओट्यावरूनच म्हणाल्या, "ईसीजी काढा. आन् नातेवाइकाला भाईर बसवा." ते बिचारे कापसाच्या बाजारातले अडते. त्यांनी घाबरून सोडा पण घेतला आणि ईसीजी पण काढला.

परभणीच्या खऱ्या डॉक्टरांबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. "चांगला हाय बिचारा," त्या म्हणाल्या, "पर त्याच्यामागं कुनी पळत न्हाई." टीव्हीतली डॉक्टरीण व्हरांड्यातून निघाली की मागे निदान अर्धा डझन माणसं फायली घेऊन धावायची. आमचे डॉक्टर एकटेच चालत जाऊन स्वतःच पंखा लावायचे. आता अशा माणसाच्या हाती डोळा कसा द्यायचा?

तर त्या शनिवारची गोष्ट. डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याच्या मेंदूत गाठ निघाली होती. या नवऱ्याने आधीच पुष्कळ सोसलं होतं. एकदा त्याची स्मरणशक्ती गेली होती, एकदा त्याच्या जागी त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा येऊन राहून गेला होता. गाठ काढणारा शहरातला एकमेव माणूस ऐन वेळी फितूर झाला, म्हणून डॉक्टरीणबाईंनी स्वतः सुरी हातात घेतली. सुरी तीन बाजूंनी दाखवली. मग ऑपरेशन थिएटरात वीज चमकली. बंद खोलीत वीज कशी चमकेल, असं मी दारातून म्हणाले, तर आत्या आणि समोरच्या वहिनी दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भाकरी उलटायला आत गेले.

सोमवारी सगळे वेळेवर जमले. वहिनी तर येताना निवडायच्या शेंगा घरी विसरून आल्या, इतकी घाई. आणि टीव्हीवर दिसू लागल्या चार जावा, जरीच्या साड्या नेसून पुरण वाटणाऱ्या. त्या एकमेकींना टोमणे मारत होत्या आणि पुरण काही वाटून होत नव्हतं. आत्यांना वाटलं, कसल्या तरी पिठाची जाहिरात आहे. त्या शांतपणे वाट बघत बसल्या. पाचेक मिनिटांनी म्हणाल्या, "जाहिरात लय लांबली आज." आणखी थोड्या वेळाने, "आसलं पीठ कोन घेतंय?" अर्धा तास संपला, बातम्या लागल्या, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

मंगळवारी परत पुरण. शेवटी वहिनींच्या फोनवर खबर आली की मालिका बंद झाली. बघणारे कमी पडले म्हणे.

"कमी कशे पडले?" आत्या म्हणाल्या. "आमी समदे तर बघायलोत."

वहिनी रीतसर रडल्या. डोळ्याला पदर, नाकाला पदर, सगळं. मी म्हटलं, मालिकाच ती, माणूस थोडंच गेलंय? पण खरं सांगायचं तर माझाही संताप झाला होता. एवढं डोकं उघडून ठेवायचं आणि निघून जायचं, ही काय माणसांची रीत झाली? दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गाला हृदयाचे चार कप्पे इतक्या तावातावाने शिकवले की पहिल्या बाकावरच्या मुली वहीत बघायचं सोडून माझ्याकडेच बघत राहिल्या.

नवऱ्याला मात्र यात सोय दिसली. तो जेवताना म्हणाला, "चला, मालिका संपली. आता पुढच्या आठवड्यात परभणीला जाऊन येऊ."

"संपली कुटं?" आत्यांनी घास खाली ठेवला. "डोस्कं उघडं हाय त्याचं आजून. त्याला तसंच टाकून मी मपला डोळा करायला जाऊ का? काई लाज?"

"आई, तो नट आहे. तो आत्तापर्यंत घरी जाऊन जेवलासुद्धा असेल."

"नट आसंल. पर गोष्ट तर उघडीच ऱ्हायली का न्हाई?"

आता हे समजायला आमच्याकडची एक रीत माहीत पाहिजे. श्रावणात आमच्या गल्लीत पोथी लागते. एकदा पोथी सुरू केली की मध्ये सोडायची नाही. वाचणाऱ्याला ताप आला तर दुसऱ्याने वाचायची, दुसऱ्याला सुतक आलं तर तिसऱ्याने, पण शेवटच्या अध्यायापर्यंत न्यायची आणि प्रसाद करून समाप्ती करायची. अर्धी पोथी फडक्यात गुंडाळून ठेवणं म्हणजे अपशकुन. आत्या म्हणाल्या, "अर्ध्यावर सोडल्याली गोष्ट घरात ऱ्हायली की घरातलं काम बी अर्ध्यावर ऱ्हातंय. माझा एक डोळा काढतेल आन् बसवायचा इसरतेल." मोतीबिंदूत डोळा काढत नाहीत, हे मी पुन्हा सांगितलं. कांद्यासकट.

पण डोळ्याला काय कळतंय समाप्ती झाली की नाही? तो आपला रोज अधू होत चालला. आत्यांनी चहात मीठ घातलं, ते आम्ही प्यालो. दांडीवर वाळत घातलेल्या कोटाला त्यांनी "या भाऊजी, बसा" म्हणून बसायला सांगितलं, त्यावर आम्ही हसलो. वहिनींच्या दारातल्या पायपुसण्याला मांजर समजून त्या त्याला रोज दुधात भाकरी कुस्करून घालत होत्या. वहिनी मुकाट्याने पायपुसणं धुवायच्या. मग एक दिवस शाळेतून आले तर आत्या ओट्याच्या पायरीशी खाली बसलेल्या. म्हणाल्या, गार लागतं म्हणून बसले. भर दुपारी, उन्हात. कोपर सोललेलं होतं आणि त्यांनी ते पदराखाली झाकलं होतं. त्या क्षणी माझं हसू गेलं ते गेलंच. मला भीती वाटली.

त्याच पावली मी गुरुजींकडे गेले. गुरुजी म्हणजे आमच्या गल्लीत पोथी वाचणारे. वय झालेलं, आवाज अजून खणखणीत. आत्यांचा माझ्यावर नसेल तेवढा त्यांच्यावर विश्वास. म्हटलं, यांनी एकदा सांगितलं की मालिका म्हणजे पोथी नव्हे, की झालं काम. मी रागातच होते, सगळं एका दमात सांगितलं. गुरुजींनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "शनिवारी सुरी टेकवली होती, का नुसती हातात होती?"

"तुम्ही पण बघता मालिका?" मी विचारलं.

"आमच्याकडं बघतात घरातले," ते म्हणाले. "मी आपला जाता-येता." आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "जाता-येता म्हणं. खुर्ची सोडत न्हाईत."

गुरुजींनी खाकरून विषय आपल्या हातात घेतला. "हे बघा बाई, 'तिचं पार पडू दे, मंग माझं' असं तुमच्या सासूबाई बोलल्या का? बोलल्या. दिव्यासमोर बोलल्या का?"

"दिवाबत्तीनंतर बोलल्या."

"मग हा संकल्प झाला. समाप्ती करावी लागंल." मी वकील करायला गेले होते आणि समोरच्या पार्टीला मिळालेला साक्षीदार घेऊन परत आले. वर नारळ आणायला सांगितला तो वेगळाच.

गुरुवारी, मालिकेच्याच वेळेला, आमच्या बैठकीत समाप्ती मांडली. टीव्ही बंद. त्याला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. पाटावर तांदळाच्या राशीत रिमोट. नवरा म्हणाला, बॅटरी काढून ठेवू का, तर आत्या म्हणाल्या, राहू दे, जीव हाय त्याच्यात. गल्लीतल्या बायका अंघोळ करून, चांगल्या साड्या नेसून आल्या. मी साजूक तुपातला शिरा केला. माझ्यासारखी विज्ञान शिकलेली बाई टीव्हीसमोर नैवेद्य घेऊन उभी आहे, हे शाळेत कळलं असतं तर मी कुणालाच तोंड दाखवू शकले नसते. पण शिरा चांगला झाला होता.

गुरुजींनी सुरुवात केली, तीही थेट पोथीच्या चालीत.

"आतां ऐका हो श्रोतेजन, मागील भागीं काय कथन, टेबलावरी निजला सज्जन, भूल देऊनि।"

बायकांनी हात जोडले. वहिनींच्या डोळ्याला लगेच पदर लागला.

"डॉक्टरीण ती पतिव्रता, सुरी हाती घेतली आतां, बीपी खालीं उतरतां, काय करी।"

इथे गुरुजी थांबले. काय करी ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी डॉक्टरीणबाईंना आधी हातपाय धुवायला लावले, मग आचमन करायला लावलं. "ग्लोज?" आत्यांनी विचारलं. गुरुजींनी ग्लोज घालायला लावले. मग पुन्हा आचमन. तेवढ्यात वहिनींनी सुचवलं की मालिकेतल्या त्या दुष्ट नणंदेचा जिन्यावरून पाय घसरावा. गुरुजी म्हणाले, समाप्तीत कुणाला मारता येत नाही. "मारू नगा, नुसतं पाडा," वहिनी म्हणाल्या. एकीला भूल देणाऱ्या डॉक्टरचं लग्न लावायचं होतं. दुसरी म्हणाली, तो आपल्यातला नाही दिसत. मग त्याचं आडनाव काय असेल यावर वाद सुरू झाला आणि तो चांगलाच रंगला.

आत्यांनी जमिनीवर हात आपटला. "आदी त्याचं डोस्कं बंद करा. मंग कुनाचं बी लगीन लावा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गुरुजी पाटावरून सरकून बसले. "बाई, हा विज्ञानाचा अध्याय आहे," ते म्हणाले. "तुमीच घ्या."

मी आयुष्यात एकच जीव कापलेला, कॉलेजात, आणि तो बेडूक होता. पण शिकवणाऱ्या माणसाला बायका समोर बसलेल्या दिसल्या की गप्प राहवत नाही. मी पाटावर बसले. मेंदूचे भाग सांगितले, गाठ कुठे आहे ते सांगितलं, आणि बोलता बोलता त्या सज्जनाचे हातपाय चारही बाजूंनी टाचण्यांनी पक्के केले. कुणी हरकत घेतली नाही. बीपी खाली गेलं, वर आलं. मग मी टाके घालायला लागले.

"भाईर कोन बसलंय?" आत्यांनी मधेच विचारलं.

मालिकेत बाहेर बसलेलं माणूस कधी दाखवत नसत. सगळं आतलंच असायचं. मी म्हटलं, "त्याची आई असेल."

"तिला कोन सांगायलंय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सासऱ्यांना पोटाच्या ऑपरेशनला मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. त्यांना आत घेतलं, दार लावलं, वर लाल दिवा लागला. आत्या बाकावर बसून राहिल्या. दार उघडलं तेव्हा आतल्या माणसांनी पुरुषमंडळींना बाजूला घेऊन सांगितलं, आणि पुरुषमंडळींनी आत्यांना काही सांगायचं धाडस केलं नाही. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच, मेथी निवडताना सांगितली होती. "मला कुनी काई बोललंच न्हाई," त्या म्हणाल्या होत्या. "ह्यांना गावाकडं न्यायला गाडी कोनती सांगायची, हे इचारायला लागले, तव्हा कळलं." त्या दाराच्या आत काय असतं, हे त्यांना या मालिकेने पहिल्यांदा दाखवलं होतं. आणि शनिवारी तिनेही दार लावून घेतलं.

मला एवढं वाईट वाटलं की टाके कुठवर आले होते तेच विसरले. म्हटलं, राहू दे टाके.

"दार उघडलं," मी म्हणाले. "डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पुरुषमंडळी पुढे झाली, तर त्यांना म्हणाल्या, तुम्ही थांबा. आणि सरळ बाकापाशी आल्या. आईच्या शेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला. म्हणाल्या, झालं. चांगलं झालं. चला आत, तो तुम्हालाच विचारायलाय."

वहिनी रडत होत्या, पण त्या साबणाच्या जाहिरातीलाही रडतात. आत्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बाकावर बसली का?"

"बसली."

"मंग ठीक हाय."

गुरुजींनी संधी साधून फलश्रुती म्हणून टाकली. जो हा अध्याय ऐकेल त्याची दृष्टी निर्मळ होईल, जो ऐकून रजा टाकेल त्याची रजा मंजूर होईल. नारळ फोडला, शिरा संपला आणि आठवडाभरात आम्ही गाडीने परभणीला गेलो.

दवाखान्यात आत्या शांत होत्या. आत नेताना डॉक्टरांना फक्त एवढंच विचारलं की वीज चमकणार आहे का. मग दार लागलं. मी बाकावर बसले. मोतीबिंदूचं ऑपरेशन किती सोपं असतं, हे मी स्वतः सगळ्या गल्लीला समजावून दिलं होतं, आणि आता त्यातलं एक वाक्य मला आठवेना. नवरा समोर येरझाऱ्या घालत होता. मला त्याचाही राग आला, त्या चपलांच्या आवाजाचाही.

दार उघडलं आणि आमचे ते पंखा स्वतः लावणारे डॉक्टर बाहेर आले. नवरा पुढे झाला. डॉक्टर त्याला म्हणाले, "तुम्ही थांबा जरा." आणि येऊन चक्क माझ्या शेजारी बाकावर बसले. थोडे अवघडले होते. "आजींनी आतून बजावलंय," ते म्हणाले, "मास्तरीणबाईला उभ्या उभ्या सांगू नका, बसून सांगा. तर, झालं. चांगलं झालं. या आत." हात धरायचंही बजावलं असणार, पण तेवढं त्यांनी टाळलं.

आत्या डोळ्यावर पट्टी लावून ऐटीत पडल्या होत्या. "मागं संगीत न्हाई यांच्याकडं," मला म्हणाल्या. "बाकी काम चांगलं हाय."

डावा डोळा हिवाळ्यात करायचा ठरला. त्या ऑपरेशनच्या सकाळी, परभणीला निघायच्या आधी, मी सहज म्हणाले, आता तरी समाप्ती नको ना? आत्या म्हणाल्या, डोळा दुसरा, संकल्प बी दुसरा. परत टीव्हीला फूल, परत रिमोट, परत शिरा, परत वहिनी पदर सरसावून. गुरुजींनी मला पाटावर बसायची खूण केली.

"तिला नगं," आत्या म्हणाल्या. "मी सांगते."

त्या पाटावर बसल्या. एका नव्या डोळ्याने आम्हा सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं. मग गोष्ट सांगितली. डॉक्टरीणबाई त्यात नव्हती. एक माणूस होता. त्याला आत घेतलं होतं. बायको बाहेर बाकावर बसली होती, सकाळपासून, उपाशी.

"मंग दार उघडलं," आत्या म्हणाल्या. "आन् त्यो सोताच भाईर आला. सोताच्या पायानं. टोपी घातली, धोतर झटाकलं. बायकोला म्हनला, आजून हितंच बसलीस का? ऊठ. ताडकळसची गाडी लागली आसंल."

एवढ्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, झाली समाप्ती.

पोट फाडलेला माणूस त्याच दिवशी उठून एसटी धरत नाही. हे मला कळतं, मी ते शिकवते. मी उठले आणि सगळ्यांना शिरा वाढला.